बी.ए. अर्थशास्त्रानंतर भारतीय आर्थिक सेवा: अर्ज नेमका कुठे अडतो

यूपीएससीची भारतीय आर्थिक सेवा परीक्षा बी.ए. अर्थशास्त्रावर देता येत नाही. त्यासाठी पदव्युत्तर पदवी लागते आणि तीही इकॉनॉमिक्स, अप्लाइड इकॉनॉमिक्स, बिझनेस इकॉनॉमिक्स किंवा इकॉनोमेट्रिक्स या विषयातलीच. चार वर्षांची ऑनर्स केली म्हणून ही अट टळत नाही, ती बी.ए.चीच पदवी राहते. एम.ए.ला प्रवेश घेण्याआधी, शेवटी प्रमाणपत्रावर विषयाचं नाव काय छापून येणार, हे विद्यापीठात विचारून घ्या. दोन वर्षं अर्थशास्त्राचे पेपर दिले आणि पदवीवर नाव भलतंच आलं, तर तुमची बाजू ऐकून घ्यायला तिथे कोणी बसलेलं नसतं.

एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांना अर्ज भरता येतो. मात्र तो प्रवेश तात्पुरता असतो. लेखी परीक्षेनंतरच्या तपशीलवार अर्जासोबत पास झाल्याचा पुरावा द्यावाच लागतो. निकाल लांबला ही विद्यापीठाची चूक असली तरी तिची किंमत उमेदवारच मोजतो. म्हणून मागच्या सत्रांचे राहिलेले विषय आधी सोडवा.

वय परीक्षेच्या वर्षातल्या 1 ऑगस्टला मोजतात, अर्जाच्या शेवटच्या तारखेला नाही. त्या दिवशी 21 पूर्ण हवीत आणि 30 पूर्ण झालेली नसावीत. 2026 च्या परीक्षेसाठी जन्म 2 ऑगस्ट 1996 ते 1 ऑगस्ट 2005 मधला हवा. ओबीसींना 3 आणि एससी-एसटींना 5 वर्षांची सवलत आहे. जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावरचीच धरतात. महापालिकेचा जन्मदाखला किंवा प्रतिज्ञापत्र चालत नाही.

सगळ्यात जास्त घोळ जातीच्या दाखल्याचा. महाराष्ट्रातली ओबीसी मुलं राज्याच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमिलेअर (उन्नत गटात नसल्याचं) प्रमाणपत्र घेऊन निर्धास्त बसतात. इथे केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, आणि आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत असावी लागते. व्हीजे (विमुक्त जाती), एनटी (भटक्या जमाती), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) हे राज्याचे प्रवर्ग केंद्रात नाहीत, तेव्हा यादीत स्वतःच्या जातीचं नाव शोधा. एसईबीसीचा (राज्याच्या सामाजिक आणि शैक्षणिक मागास प्रवर्गाचा) दाखलाही चालत नाही. तो दाखला असलेल्यांनी केंद्राच्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) दाखल्याचे निकष तपासावेत. दाखला कोणत्या आर्थिक वर्षांच्या उत्पन्नावर हवा आणि कोणत्या तारखेपर्यंतचा चालतो, ते त्या वर्षीच्या जाहिरातीत दिलेलं असतं. तो परिच्छेद दोनदा वाचा. सेतू केंद्रात 'केंद्राचा नमुना' असं स्पष्ट सांगा, नाहीतर सवयीने राज्याचाच अर्ज भरला जातो. जाहिरात येण्याची वाट पाहू नका, दाखल्याला लागणारे दिवस तुमच्या हातात नसतात.

बाकी नोंदणी, फोटो, सही ऑनलाइन होतं. शुल्क 200 रुपये. महिला, एससी, एसटी आणि दिव्यांगांना माफ. अर्जावरचं नाव दहावीच्या प्रमाणपत्राशी अक्षरशः जुळवा.

मराठी माध्यमातून शिकलेल्यांना एक गोष्ट फार उशिरा कळते: सगळे पेपर इंग्रजीतच लिहावे लागतात आणि ते दीर्घोत्तरी असतात. सामान्य इंग्रजी आणि सामान्य अध्ययन प्रत्येकी 100 गुणांचे, अर्थशास्त्राचे तीन आणि भारतीय अर्थव्यवस्थेचा एक प्रत्येकी 200 चे, मुलाखत 200 ची. अर्थशास्त्राच्या पहिल्या पेपरमध्ये गणिती आणि संख्याशास्त्रीय पद्धतींचा वेगळा भाग आहे. बी.ए.ला गणित नको म्हणून ऐच्छिक विषय टाळलेले इथेच अडखळतात. पहिल्या वर्षाला असाल, तर संख्याशास्त्र आत्ताच निवडा.