बायोगॅसच्या कच्च्या मालाचे संकलन व वाहतूक : ऊर्जाखर्च

शेण, ओला कचरा, कत्तलखान्यातील टाकाऊ भाग, पिकांचे अवशेष इ. सेंद्रिय पदार्थ गोळा करून बायोगॅस प्रकल्पापर्यंत आणण्यासाठी आणि पचनानंतर (बंद टाकीत हवेविना कुजविल्यानंतर) उरणारी स्लरी शेतापर्यंत पोहोचविण्यासाठी लागणारी ऊर्जा. बायोगॅसचा निव्वळ ऊर्जालाभ काढताना वायूतील ऊर्जेतून ती वजा करतात. टाकी तापविणे, ढवळणे, पंप चालविणे हा प्रकल्पाचा अंतर्गत खर्च वेगळा मांडला जातो व तो बहुधा वाहतुकीपेक्षा मोठा असतो.

वाहतुकीचा खर्च मुख्यतः पाण्यामुळे वाढतो. गोठ्यातील पातळ शेणात शुष्क पदार्थ जेमतेम 8 ते 10% असतो. म्हणजे एका टनामागे 900 किग्रॅ. किंवा अधिक पाणीच वाहिले जाते. अशा एका टनापासून 20 ते 30 घ.मी. वायू मिळतो. स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यापासून साधारण 100 ते 150, तर मक्याच्या मुरघासापासून 200 घ.मी.च्या आसपास. 60% मिथेन असलेल्या एक घ.मी. वायूत सु. 21.5 मेगाजूल आणि एक लिटर डिझेलमध्ये सु. 36 मेगाजूल ऊर्जा असते. या हिशेबाने एक टन पातळ शेणाची किंमत सु. 15 लिटर डिझेलएवढी, तर एक टन ओल्या कचऱ्याची 70 लिटरहून अधिक भरते. म्हणूनच कोणता माल किती लांबून आणणे परवडेल, याला सर्व मालांसाठी एकच उत्तर नाही.

संकलन व लांबची वाहतूक हे दोन वेगळे खर्च आहेत. ऊर्जेच्या अनेक ताळेबंदांत ते एकत्र मिसळलेले आढळतात. दारोदार फिरणारी कचरागाडी दर काही मीटरवर थांबते, पुन्हा पहिल्या गिअरमध्ये निघते आणि थांबलेली असतानाही कचरा दाबणाऱ्या यंत्रणेसाठी तिचे इंजिन चालू राहते. डेन्मार्कमधील मोजणीत (2009 मध्ये प्रसिद्ध) एक टन घरगुती कचरा गोळा करण्यास 1.4 ते 10.1 लिटर डिझेल लागल्याचे दिसले. दाट वस्तीत खर्च कमी, विखुरलेल्या ग्रामीण घरांत सर्वाधिक. ओल्या कचऱ्याच्या बाबतीत ही वरची मर्यादा धरली, तरी मिळणाऱ्या वायूतील सु. सातवा भागच खर्ची पडतो. मात्र ओला कचरा वेगळा उचलायचा तर प्रत्येक थांब्यावर मिळणारे वजन घटते व टनामागील इंधन वाढते; दोन कप्प्यांच्या गाड्या हा त्यावरील नेहमीचा उपाय. स्वीडनमधील सुराहाम्मार येथे घरोघरच्या सिंकखाली दळणयंत्रे बसवून ओला कचरा सांडपाण्याच्या नळातूनच प्रक्रिया केंद्रात नेला गेला. गाडीची फेरी त्यामुळे वाचते. पण हा मार्ग जिथे गटारव्यवस्था व गाळाचे पचन दोन्ही आधीपासून आहेत, तिथेच उपयोगी.

मर्यादा-अंतर : ज्या अंतरापलीकडे वाहतुकीमुळे निव्वळ लाभ शून्याखाली जातो, त्या अंतराविषयी अभ्यासकांत मोठी तफावत आहे. बेर्गलुंड व बोर्येसोन (2006) या स्वीडिश अभ्यासकांच्या मते शेणासाठी ही मर्यादा सु. 200 किमी. व कत्तलखान्यातील अवशेषांसाठी 700 किमी.पर्यंत आहे. पॉशल, वॉर्ड व ओवेंडे (2010) मात्र शेणासाठी 22 किमी. व नागरी घनकचऱ्यासाठी 425 किमी. देतात. शेणाच्या दोन आकड्यांत नऊपट अंतर असले, तरी दोन्ही पुढील साहित्यात बहुधा त्यांमागची गृहीतके न सांगता उद्धृत होतात, ही खेदाची गोष्ट आहे.

गृहीतके बदलली की आकडा किती हलतो, हे साध्या गणिताने दाखविता येते. 25 टनांचा टँकर भरलेला जाताना 100 किमी.ला 35 लिटर व रिकामा परतताना 25 लिटर डिझेल घेतो असे धरल्यास एका टनामागे, एकेरी अंतराच्या दर किमी.ला सु. 0.86 मेगाजूल लागतात. टनभर शेणाच्या 540 मेगाजूलपैकी तिसरा हिस्सा प्रकल्पानेच वापरला तर 360 उरतात व मर्यादा 400 किमी.च्या पुढे जाते. स्लरी परत नेण्यासाठी स्वतंत्र फेरी धरली की ती निम्म्यावर, म्हणजे 200 किमी.च्या जवळ येते. आता फक्त वीजच लाभात धरली (रूपांतर सु. 38%), ट्रॅक्टर-टँकरमुळे इंधन दुप्पट मानले आणि शेण अधिक पातळ असल्याने टनामागील वायू निम्माच धरला, तर तेच गणित 20 किमी.च्या आसपास थांबते. त्यामुळे कोणताही आकडा स्वीकारण्याआधी हिशेबाची हद्द कुठे आखली आहे, हे पाहणे आवश्यक ठरते. स्लरीची परतफेरी न धरणारे ताळेबंद प्रस्तुत नोंदीत अपुरे मानले आहेत.

याचे कारण वजनात आहे. एक घ.मी. बायोगॅसचे वजन सु. 1.2 किग्रॅ. असते. टनभर शेणातून 25 घ.मी. वायू निघाला, तरी वजन 30 किग्रॅ.नेच घटते, उरलेले 970 किग्रॅ. पुन्हा कुठे तरी न्यावेच लागते. ओल्या कचऱ्यात ही घट 180 किग्रॅ.पर्यंत जाते. शेण आणणाऱ्याच टँकरने परतताना स्लरी नेली की रिकामी फेरी टळते. गोठ्यांचे शेण एका सामाईक प्रकल्पात आणण्याची डॅनिश पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. तिचा आरंभ 1980 च्या दशकाच्या मध्यास झाला. व्हेस्टर येर्मिट्सलेव्ह येथील प्रकल्प (1984) सामान्यतः पहिला मानतात. एकाच टँकरने अनेक गोठे जोडले जात असल्याने जनावरांच्या रोगप्रसाराची काळजी व धुण्याचे पाणी हा त्यातील वाढीव भार होय.

प्रकल्प मोठा केल्यास टाकी तापविण्याचा टनामागील खर्च घटतो. वाहतूक मात्र वाढते. माल सभोवार सारखा पसरलेला असल्यास सरासरी अंतर क्षमतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते : क्षमता दुप्पट झाली की अंतर 1.4 पट व एकूण टन-किमी. (वजन गुणिले अंतर) सु. 2.8 पट होतात. रस्त्यांच्या वळणांसाठी सरळ अंतरास 1.2 ते 1.5 ने गुणण्याचा प्रघात आहे.

पाणी उगमापाशीच काढून टाकणे हा एक उपाय. स्क्रू प्रेसने (मळसूत्री दाबयंत्राने) घन भाग वेगळा करण्यास थोडीच वीज लागते, परंतु सहज पचणारा बराच अंश द्रवासोबत निघून जातो. दुसरा उपाय म्हणजे शेण जागीच पचवून केवळ वायू कमी दाबाच्या नळाने शुद्धीकरण केंद्रात नेणे. स्वीडनमधील ब्रोलांडा परिसरात तो योजला गेला. गाड्याच शुद्ध केलेल्या वायूवर चालविल्यास डिझेल वाचते, पण एक लिटर डिझेलच्या जागी सु. एक घ.मी. मिथेन लागते, ऊर्जाखर्च कायम राहतो.

घरगुती संयंत्रात वाहतूक बहुतांशी माणसाच्या श्रमाने होते. शेणाएवढेच पाणी मिसळावे लागत असल्याने पाणी आणण्याचे श्रम शेण गोळा करण्याइतकेच, पाणवठा दूर असल्यास त्याहून अधिक पडतात. मेगाजूलच्या ताळेबंदात ते क्वचितच धरले जातात.