लुमेन वाढवले म्हणून काळा रंग मिळत नाही

जास्त लुमेनचा (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) प्रोजेक्टर घेतला की भरदिवसाही टीव्हीसारखं चित्र दिसतं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. प्रोजेक्टर फक्त उजेड टाकतो. काळा रंग त्याला टाकता येत नाही. दुपारी तो बंद ठेवून पांढऱ्या पडद्याकडे बघा. जो पांढुरका रंग दिसतोय, तोच तुमचा सगळ्यात गडद काळा! रात्रीचे प्रसंग, केस, सावल्या, सगळं त्यातच विरून जातं. टीव्हीचं पॅनल मुळात गडद असतं. ओएलईडी प्रकारच्या टीव्हीत तर पिक्सेल, म्हणजे चित्राचे बारीक ठिपके, चक्क विझतात. त्यात प्रोजेक्टरचं चित्र ५० इंचांवरून १०० इंचांवर नेलं की क्षेत्रफळ चौपट, म्हणजे पडद्याच्या प्रत्येक भागावर उजेड पाव (हे विकणारे सहसा बोलत नाहीत). खोलीत अंधार करता येत नसेल तर मी टीव्हीच घ्यायला सांगेन. बाजूचा उजेड टाळणारे खास पडदे मिळतात, पण समोरच्या खिडकीपुढे त्यांचंही फारसं चालत नाही.