दुकानातला रोल कुठे गेला? फोटो फिल्मच्या टंचाईची पार्श्वभूमी

फोटो स्टुडिओच्या काचेच्या कपाटात आता मोबाइलची कव्हरे, फोटो छापलेले मग आणि पेनड्राइव्ह दिसतात. कोडॅकची पिवळी आणि फुजीची हिरवी खोकी एके काळी याच कपाटात रांगेने लावलेली असत. आज तिथे छत्तीस फोटोंचा रोल मागितला, तर गल्ल्यावरचा तरुण मुलगा आधी आपल्या वडिलांकडे बघतो. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारासारख्या जुन्या कॅमेरा-पेठेत आणि मोठ्या शहरांतल्या मोजक्या दुकानांत रोल मिळतो. बाकीच्यांना तो ऑनलाइन मागवावा लागतो. वीस वर्षांपूर्वी शंभर रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या साध्या रंगीत रोलला आता हजाराच्या पुढे मोजावे लागतात, आणि तेवढे मोजूनही हवा तो रोल मिळेलच असे नाही.

असे का झाले, याचे उत्तर ‘डिजिटल आले’ एवढ्यावर संपवले जाते. ते खरे आहे, पण त्यातून अर्धीच गोष्ट कळते. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात रोल सहज मिळण्याचा काळच मुळात लहान होता. साधारण १९८५ ते २००५, म्हणजे जेमतेम वीस वर्षे. त्याच्या आधीची सगळी वर्षे फिल्म परदेशी बोटीची, युद्धाची, आयात परवान्याची किंवा दुसऱ्या कुठल्या तरी देशाशी झालेल्या कराराची वाट बघत मिळत होती.

सुरुवात दादासाहेब फाळक्यांपासूनच करावी लागते. १९१२ साली ते लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले, आणि त्याबरोबर फिल्मला कडेची भोके पाडण्याचे यंत्रही. कच्ची फिल्म तेव्हा भोके न पाडलेली येई. ते काम घरीच, अंधारात, हाताने करावे लागे आणि ते फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत. उजेडाची एक तिरीप आत आली तर सगळा माल वाया, अशा काळोखात स्वयंपाक आणि मुले सांभाळून ही बाई शेकडो फूट फिल्म बोटांच्या अंदाजाने यंत्रातून सरकवत होती. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट होती, म्हणजे किलोमीटरहून जास्त. भारतीय चित्रपटाचा इतिहास लिहिताना सरस्वतीबाईंच्या वाट्याला अजूनही एखादे वाक्य येते, याचे मला फार वाईट वाटते. फिल्म ही वस्तू या देशात हाताळायची कशी, हे ज्यांनी सगळ्यात आधी शिकून घेतले त्यांत त्या होत्या.

पण ती फिल्म आपली नव्हती. दुसऱ्या महायुद्धात याची झळ बसली. कच्च्या फिल्मची आवक आटली तेव्हा सरकारने चित्रपटांच्या लांबीवरच मर्यादा घातली, ११,००० फूट. स्वातंत्र्यानंतर परकीय चलन वाचवायचे होते, म्हणून फिल्मची आयात परवान्यांत अडकली. त्या काळातले स्टुडिओवाले रोल मोजून वापरत. आग्फा क्लिक-थ्री कॅमेऱ्यात १२० चा रोल बसे आणि त्यावर बाराच फोटो निघत. बारशाचे दोन, मुंजीचे चार, सहलीचे तीन, असे करत तो रोल वर्षभर कॅमेऱ्यात पडून राही. ‘रोल संपल्याशिवाय धुवायला टाकायचा नाही’ हा घराघरातला नियम होता.

या टंचाईवर दोन उतारे निघाले. पहिला पूर्व जर्मनीतून आला. तिथल्या वोल्फेन गावात आग्फाचा जुना कारखाना होता. १९३६ साली आग्फाकलर ही आधुनिक रंगीत फिल्म याच गावात जन्मली. युद्धानंतर कारखाना पूर्व जर्मनीच्या वाट्याला गेला आणि १९६४ पासून त्याचा माल ‘ओर्वो’ या नावाने विकला जाऊ लागला. पूर्व जर्मनीशी आपला व्यापार रुपयांत चाले, डॉलर लागत नसत. म्हणून ओर्वोची कृष्णधवल फिल्म भारतात आली आणि चांगली रुजली. जुन्या छायाचित्रकारांच्या निगेटिव्ह पाहिल्या, तर कडेला ‘ओर्वो’ अशी अक्षरे आजही वाचता येतात. १९९० साली जर्मनी एक झाली आणि पूर्व जर्मनी हा देशच उरला नाही. रुपयातला तो व्यवहारही त्याच्याबरोबर गेला.

दुसरा उतारा आपला स्वतःचा होता. हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी १९६० साली स्थापन झाली. कारखाना तमिळनाडूत उटीजवळ उभा राहिला. थंड हवा, कमी धूळ आणि स्वच्छ पाणी, या तीन गोष्टी फिल्म बनवायला लागतात आणि तिथे त्या होत्या. तंत्रज्ञान बोशे या फ्रेंच कंपनीचे होते. १९६७ पासून उत्पादन सुरू झाले आणि ‘इंदू’ हे नाव बाजारात आले. शाळेच्या ग्रुप फोटोपासून दवाखान्यातल्या एक्स-रेपर्यंत ही फिल्म वापरली गेली. तिच्याबद्दल छायाचित्रकारांच्या तक्रारी होत्या, परदेशी फिल्मची सर तिला नाही असे म्हणत. तरीही जगात अगदी थोड्या देशांना जमलेले काम आपण करून दाखवले होते, याचे मोल कमी लेखू नये.

फिल्म बनवणे किती अवघड असते, हे थोडे जवळून पाहिले म्हणजे पुढचे सगळे समजते. जिलेटिनमध्ये चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण मिसळून त्याचे थर प्लास्टिकच्या पातळ पट्ट्यावर चढवायचे. रंगीत फिल्मवर असे दहा-बाराहून अधिक थर असतात आणि सगळ्यांची मिळून जाडी केसाच्या जाडीहून कमी भरते. हे सारे मिट्ट काळोखात, पट्टा वेगाने धावत असताना करायचे. कोडॅकच्या अमेरिकेतल्या रोचेस्टर इथल्या कारखान्यात एक मूळ गुंडाळी सुमारे १.४ मीटर रुंद आणि १.८ किलोमीटर लांब असते. तिच्यातून छत्तीसचे चाळीस हजारांच्या आसपास रोल कापता येतात. अशी यंत्रे थोडक्या मालासाठी चालवताच येत नाहीत. मागणी निम्मी झाली म्हणून निम्मा कारखाना चालवू, असे इथे म्हणता येत नाही.

उटीचा कारखाना रंगीत फिल्मच्या या पायरीवर कधी चढलाच नाही. एक्स-रेसाठी पॉलिस्टर फिल्मचा नवा प्रकल्प उभारताना कंपनी कर्जात रुतली. १९९१ नंतर आयात खुली झाली, सीमाशुल्क उतरत गेले आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत ती आजारी उद्योगांच्या यादीत जाऊन बसली. केंद्र सरकारने २०१४ साली ती बंद करण्यावर शिक्कामोर्तब केले. म्हणजे दुकानांतून रोल नाहीसे व्हायच्या कितीतरी आधी फिल्म बनवण्याची आपली ताकद संपत आली होती. हे फारसे कुणाच्या लक्षात आले नाही, कारण त्याच वेळी बाजार परदेशी मालाने भरून वाहत होता.

तो सुकाळ आणला मिनीलॅबने. त्याआधी कृष्णधवल रोल गावातल्या स्टुडिओत अंधाऱ्या खोलीत धुतला जाई, पण रंगीत रोल मुंबई-पुण्याच्या लॅबला पाठवावा लागे आणि कॉप्या हातात पडायला आठवडा-पंधरवडा जाई. नोरित्सू या जपानी कंपनीने सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात दुकानातच मावेल असे धुण्या-छापण्याचे यंत्र काढले, तीच मिनीलॅब. ऐंशी-नव्वदच्या दशकांत अशी यंत्रे आपल्याकडे जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोचली. कोडॅकच्या पिवळ्या, कोनिकाच्या निळ्या आणि फुजीच्या हिरव्या पाट्यांनी बाजारपेठा भरल्या. सकाळी रोल टाकला की संध्याकाळी पोस्टकार्ड किंवा मॅक्सी साइजच्या कॉप्या, सोबत चार-चारच्या तुकड्यांत कापलेली निगेटिव्ह आणि प्लास्टिकचा एक फुकट अल्बम. हॉटशॉट आणि पुढे कोडॅकच्या केबी-१० सारखे स्वस्त कॅमेरे घरोघरी आले. लग्नाचा फोटोग्राफर ‘किती रोलचे काम?’ या हिशेबावर दर सांगू लागला. रोलच्या काळ्या डबीत कुंकू, सुटे पैसे आणि प्रवासातली औषधे ठेवली जाऊ लागली.

उतरण सुरू झाली तीही याच लॅबमुळे. त्या यंत्राच्या टाक्यांतले रसायन रोज रोल पडत राहिले तरच ताजे राहते. प्रत्येक रोलबरोबर थोडे नवे रसायन आत येते आणि जुने बाहेर जाते. काम थांबले की हवेने ते खराब होते, रंग बिघडतात, चेहरे हिरवट नाहीतर तांबूस दिसू लागतात. दिवसाला चाळीस रोल धुणाऱ्या लॅबकडे आठवड्याला चार येऊ लागले, तेव्हा मालकापुढे टाक्या रिकाम्या करण्यावाचून मार्ग नव्हता. धुण्याची सोय गेली की रोल विकण्यात अर्थ उरत नाही. त्यात प्रत्येक खोक्यावर मुदतीची तारीख असते. तारीख उलटलेला माल दोन-तीनदा अंगावर आला की कुठलाही दुकानदार पुन्हा तो भरत नाही. २००५ ते २०१० या काळात गावोगाव हेच घडले. कुणी गाजावाजा करून फिल्म बंद केली नाही. शेवटचे खोके संपले आणि नवे मागवले गेले नाही, एवढेच.

जागतिक पातळीवरची घसरण त्याहून वेगवान होती. फुजीच्या हिशेबाने फिल्मचा जगभरचा खप २००० साली शिखरावर होता. पुढे काही वर्षांतच तो दरसाल वीस-तीस टक्क्यांनी कोसळू लागला. कोडॅकने २००४ साली अमेरिका, कॅनडा आणि पश्चिम युरोपात फिल्म कॅमेरे विकणे थांबवत असल्याचे जाहीर केले. भारत आणि चीनसारख्या देशांत मात्र ते विकत राहू, असे तेव्हा ठरले होते, कारण इथे फिल्मला अजून बरीच वर्षे आहेत असा अंदाज होता. तो साफ चुकला. आपण संगणकावरून नव्हे, थेट मोबाइलवरून डिजिटलमध्ये शिरलो. २००५ साली आग्फाफोटो दिवाळखोरीत निघाली. २००६ मध्ये कोनिका मिनोल्टाने या धंद्यातून अंग काढून घेतले. २००७ मध्ये रोचेस्टरमधल्या कोडॅकच्या काही इमारती सुरुंग लावून पाडण्यात आल्या. २००९ मध्ये कोडाक्रोम या कोडॅकच्या नावाजलेल्या रंगीत फिल्मचे उत्पादन थांबले आणि २०१२ च्या जानेवारीत खुद्द कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. फुजी टिकली, कारण तिने फिल्मचे ज्ञान इतरत्र वळवले. फिल्मच्या पायासाठी बनवायचा तोच पारदर्शक पट्टा एलसीडी पडद्यांसाठी लागतो आणि फुजी त्याची मोठी उत्पादक झाली.

या सगळ्यात एक गोष्ट हौशी मंडळींच्या चर्चेत सहसा येत नाही, ती म्हणजे सिनेमा. ३५ मिमी फिल्म प्रोजेक्टरमधून मिनिटाला ९० फूट धावते. अडीच तासांच्या हिंदी चित्रपटाची एकच प्रिंट साडेतेरा हजार फुटांची, म्हणजे चार किलोमीटरहून लांब होते. छत्तीसच्या रोलमध्ये साधारण दीड-पावणेदोन मीटर फिल्म असते. म्हणजे एका थिएटरात गेलेल्या एका प्रिंटमध्ये सुमारे अडीच हजार रोलांची फिल्म असे, आणि मोठ्या चित्रपटाच्या अशा शेकडो प्रिंटा निघत. फिल्मचे कारखाने खऱ्या अर्थाने चालत होते ते या प्रिंटांवर. आपले लग्नाचे आणि सहलीचे रोल त्या प्रचंड यंत्रणेच्या कडेने निघत होते. २००५ नंतर आपल्याकडे उपग्रहावरून थेट थिएटरात चित्रपट पाठवण्याची सोय झाली. प्रिंटांचा खर्च न परवडणाऱ्या मराठी निर्मात्यांना ती वरदान ठरली आणि ते योग्यच होते. पण जगभर असेच झाल्यावर कारखान्यांच्या पायाखालची जमीन सरकली. २०१३ मध्ये फुजीने सिनेमाची फिल्म बनवणे बंद केले. कोडॅकलाही ती चालू ठेवण्यासाठी हॉलिवूडच्या स्टुडिओंशी खरेदीचे करार करावे लागले.

नंतर वारे थोडे फिरले. डिजिटलमध्येच वाढलेली मुले आजोबांचा कॅमेरा कपाटातून काढू लागली. २०१८ मध्ये कोडॅकची एक्टाक्रोम ही बंद पडलेली रंगीत फिल्म परत आली. २०२४ मध्ये पेंटॅक्सने नवा फिल्म कॅमेरा काढला. मागणी इतकी वाढली की करोनानंतरच्या काळात जगभर रंगीत रोलांचा तुटवडा पडला आणि किमती वर्षागणिक चढल्या. पाडलेल्या इमारती आणि निवृत्त झालेले कारागीर मात्र मागणी वाढली म्हणून परत येत नाहीत. रोचेस्टरमध्ये शेकडो नवी माणसे भरती करून त्यांना काळोखातले काम पहिल्यापासून शिकवावे लागले. फुजीचा कल झटपट फोटोच्या इन्स्टॅक्सकडे आहे आणि तिचे साधे रोल क्वचित दिसतात. कृष्णधवलची स्थिती त्या मानाने बरी आहे. इंग्लंडमधली इल्फर्ड आणि चेक प्रजासत्ताकातली फोमा ती नियमित बनवतात. ती घरच्या न्हाणीघरात, डेव्हलपर आणि फिक्सरच्या दोन बाटल्यांवर धुताही येते. पुण्या-मुंबईत अशी घरी रोल धुणारी मंडळी वाढत आहेत आणि त्यांचे काम पाहून मनापासून आनंद होतो.

रंगीत रोलाचे मात्र तसे नाही. कोल्हापूर किंवा नांदेडला काढलेला रोल आज कुरिअरने मोठ्या शहरातल्या लॅबकडे जातो, निगेटिव्ह स्कॅन होऊन फोटो आधी फोनवर येतात आणि निगेटिव्ह नंतर टपालाने. अनेक जण चार-पाच जणांत मिळून खोके मागवतात, म्हणजे पाठवणीचा खर्च वाटला जातो. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये कोडॅकने यंत्रसामग्री सुधारण्यासाठी उत्पादन काही आठवडे थांबवले होते, ते वाढती मागणी पुरी करता यावी म्हणूनच. आपल्याकडच्या दुकानदाराला पुढचा माल कधी येणार, हे आजही आयातदाराला विचारूनच सांगावे लागते.