वृद्धापकाळातील बद्धकोष्ठता आणि वनौषधी

मलावरोध. बोलीभाषेत ‘कोठा जड होणे’, ‘पोट साफ न होणे’. उतारवयात ही तक्रार वाढते, आणि तिची कारणे बहुधा साधी असतात. दात गेल्याने भाकरी, कोशिंबीर, फळे ताटातून कमी होतात. तहानेची जाणीव मंदावल्याने पाणी कमी प्यायले जाते, चालणेफिरणे घटते. लोहाच्या गोळ्या, अफूवर्गीय वेदनाशामके आणि रक्तदाबाची काही औषधेही मल घट्ट करतात. आयुर्वेद वार्धक्य हा वाताचा काळ मानतो. वात म्हणजे रुक्षता, म्हणून या वयात स्निग्ध व सौम्य उपायांवर भर असतो.

शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात कोठा साफ करणाऱ्या द्रव्यांच्या, सौम्यापासून तीव्रापर्यंत, चार पायऱ्या सांगितल्या आहेत: अनुलोमन (हिरडा), स्रंसन (बहावा), भेदन (कुटकी) आणि रेचन (निशोत्तर). ही उतरंड आजही उपयोगी आहे, कारण म्हाताऱ्या माणसाला सहसा पहिल्या दोन पायऱ्याच मानवतात. बहाव्याच्या शेंगेतील काळा, चिकट मगज बालक, वृद्ध आणि अशक्त यांना चालतो, असे चरकसंहिताही सांगते.

महाराष्ट्रात या सर्वांत जवळचा हिरडाच. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव, जुन्नर या डोंगरी भागांत महादेव कोळी कुटुंबे तो गोळा करतात. कोवळेपणीच काढून वाळवलेले काळे फळ म्हणजे बाळहिरडा, पूर्ण वाढलेले मोठे फळ म्हणजे सुरवारी. तान्ह्या बाळाच्या गुटीसाठी सहाणेवर उगाळला जाणारा हिरडा आजोबांच्या रात्रीच्या चूर्णातही असतो. मात्र तो कसा घेतला यावर त्याचा गुण ठरतो. चावून खाल्ला तर भूक वाढवतो, वाटून घेतला तर मल सारतो, वाफवला तर उलट मल बांधतो, असे भावप्रकाश या आयुर्वेदग्रंथात म्हटले आहे. नुसता हिरडा रुक्ष पडतो, म्हणून वैद्य तो एरंडेलात परतून देतात. त्याला गंधर्वहरीतकी म्हणतात. बेहडा आणि आवळा यांच्या जोडीने होणारा त्रिफळा अधिक परिचित आहे.

इसबगोलाचे काम वेगळे. हे नाव फारसी ‘घोडा’ आणि ‘कान’ या शब्दांवरून आले आहे. बीचा आकार तसा दिसतो. उत्तर गुजरात आणि राजस्थानात हे रब्बीचे पीक मोठ्या प्रमाणावर होते आणि गुजरातेतील उंझा ही त्याची प्रसिद्ध बाजारपेठ आहे. बीवरचा भुसा पाणी शोषून फुगतो, मल मऊ आणि भरीव करतो. तो आतड्याला डिवचत नाही. म्हणूनच पाणी हाच या औषधाचा अर्धा भाग समजावा. चमचाभर भुसा पेलाभर पाण्यात कालवून लगेच, बसून प्यावा. कोरडा फाकला किंवा आडवे पडून घेतला तर तो घशात, अन्ननलिकेत फुगून अडकू शकतो. ज्यांना गिळताना त्रास होतो त्यांना तो देऊच नये. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर असावे.

सोनामुखीबाबत सावध राहायला हवे. बाजारातील ‘पोट साफ करणाऱ्या’ बऱ्याच चूर्णांत तीच असते. तिच्यातील सेनोसाइड ही रेचक द्रव्ये मोठ्या आतड्यातील जिवाणूंमुळे क्रियाशील होतात आणि सहा ते बारा तासांत आतड्याला ढवळतात. कधीमधी घेणे वेगळे, रोजची सवय वेगळी. वारंवार जुलाब झाले तर शरीरातील पाणी आणि पोटॅशियम घटते; लघवीच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असलेल्यांना ते धोक्याचे ठरते. ‘झाडपाल्याचे औषध, अपाय कसला?’ हा समज इथे खरोखर घातक आहे. ज्येष्ठमधही फार दिवस घेतल्यास रक्तदाब वाढवते, हे ध्यानात ठेवावे. एरंडेल गरम दुधातून किंवा सुंठीच्या काढ्यातून देण्याची रीत जुनी आहे, पण तेही वैद्याच्या सल्ल्यानेच, प्रसंगापुरते.

भिजवलेल्या काळ्या मनुका, अंजीर, पपई, पालेभाजी आणि जेवणानंतरची शतपावली यांचा आधार नसेल तर एकट्या चूर्णाचा गुण फारसा टिकत नाही. सकाळी कोमट पाणी पिऊन, वेग आल्यावर लगेच उठणे हेही महत्त्वाचे. गुडघे दुखतात किंवा शौचालय लांब आहे म्हणून वेग दाबणारे वृद्ध घरोघरी असतात. त्यांना चूर्णाआधी हाताला धरायला दांडी हवी.

पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलणे, शौचावाटे रक्त पडणे, वजन घटणे, पोट फुगून वारा न सरणे, उलट्या होणे, यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांकडे जावे.