घरातला फुटबॉल: सराव बदलता हवा

‘एकाच जागेवरून शंभर किक मार’ असं मुलांना सांगणं सोपं असतं. मूल विसाव्या किकला कंटाळतं आणि आपण त्याला चिकाटी नाही असं ठरवून मोकळे होतो. मला मात्र इथे मुलांची बाजू घ्यावीशी वाटते. मेंदू ज्या पद्धतीने हालचाली शिकतो, ती पाहिली तर त्यांचा कंटाळा रास्त ठरतो.

1978 मध्ये रॉबर्ट कर आणि बर्नार्ड बूथ या संशोधकांनी आठ वर्षांच्या मुलांना दाणे भरलेली छोटी पिशवी जमिनीवरच्या खुणेवर टाकायला दिली. एका गटाने सगळा सराव 3 फुटांवरून केला. दुसऱ्या गटाने 2 आणि 4 फुटांवरून केला. 3 फूट हे अंतर त्यांच्या सरावात नव्हतंच. शेवटची परीक्षा झाली 3 फुटांवरून, आणि नेम चांगला लागला तो दुसऱ्या गटाचा! अंतर सतत बदलल्यामुळे ‘इतक्या लांब टाकायचं तर इतका जोर लावायचा’ हा हिशेब त्या मुलांच्या अंगात मुरला होता, असा याचा अर्थ लावला जातो.

घरातल्या फुटबॉललाही हेच लागू पडतं. दोन खुर्च्यांच्या मधून पास द्यायचा खेळ घ्या. दर वेळी खुर्च्या थोड्या सरकवा, अंतर बदला, पाय बदला. गोल कमी होतील, चुका वाढतील. त्या होऊ द्या. अपेक्षित हालचाल आणि प्रत्यक्ष घडलेली हालचाल यांतला फरक टिपून पुढची हालचाल सुधारण्याचं काम मुख्यतः अनुमस्तिष्क, म्हणजे लहान मेंदू करतो. चूकच झाली नाही, तर त्याला सुधारायला काही उरत नाही.

भिंत हा तर न थकणारा जोडीदार. चेंडू सेकंदाला 5 मीटर वेगाने जात असेल आणि भिंत 2 मीटरवर असेल, तर तो साधारण 0.8 सेकंदात परत येतो. 1 मीटरवर उभं राहिलं की उरतात जेमतेम 0.4 सेकंद. डोळ्यांनी पाहून हालचाल सुरू करायलाच मोठ्या माणसाला सुमारे पाव सेकंद लागतो, मुलांना त्याहून जास्त. म्हणजे चेंडू परत येईपर्यंत वाट पाहून भागत नाही. तो कुठे येणार हे किक मारतानाच ओळखावं लागतं. तिरकी किक मारली की चेंडू साधारण तेवढ्याच कोनात पलीकडे जातो, हे मूल पुस्तकात वाचण्याआधी पायांनी शिकतं.

आलेला चेंडू थांबवणं हे माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं आणि सगळ्यांत दुर्लक्षित कौशल्य. पाय ताठ ठेवला की चेंडू उडून जातो. चेंडू पायाला लागत असतानाच पाऊल किंचित मागे घेतलं, तर थांबण्याचा वेळ वाढतो, धक्क्याचा जोर कमी होतो आणि चेंडू पायाशीच राहतो. जुन्या मोज्यांची गच्च गुंडाळी करून हे सुरू करावं. ती फारशी उसळत नाही, काचा फोडत नाही, खालच्या मजल्यावर आवाजही करत नाही. इनडोअर फुटबॉल, म्हणजे फुटसाल, 1930 मध्ये माँटेव्हिडिओत हुआन कार्लोस सेरियानी यांनी सुरू केला. आजच्या नियमांनुसार त्याचा चेंडू 2 मीटरवरून सोडल्यावर 50 ते 65 सेंटिमीटरच उसळायला हवा. कमी उसळणारा चेंडू छोट्या जागेत पायाच्या ताब्यात ठेवणं सोपं जातं.

ड्रिबलिंग, म्हणजे चेंडू पायाने ढकलत पुढे नेणं, करताना मुलांची नजर चेंडूला खिळते. त्यावर एक मजेदार खेळ आहे. मूल चेंडू घेऊन चालत असताना समोरच्याने बोटं दाखवायची, मुलाने आकडा ओरडून सांगायचा. हात लांब केल्यावर अंगठ्याच्या नखाएवढा दिसणारा भाग, जवळपास तेवढंच क्षेत्र डोळ्याला एका वेळी अगदी स्पष्ट दिसतं. बोटं मोजायला ती स्पष्ट नजर वर न्यावीच लागते, आणि चेंडूकडे फक्त नजरेच्या कडेने लक्ष ठेवायची सवय होते.

हेडिंग, म्हणजे डोक्याने चेंडू मारणं, मात्र घरी नको. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने 2015 मध्येच 10 वर्षांपर्यंतच्या मुलांना ते बंद केलं.

दहा-पंधरा मिनिटं पुरेत, रोज. प्रगती मात्र त्याच संध्याकाळी मोजू नका. सरावाच्या भरात जमलेलं बरंचसं रात्रीतून विरतं, तर चाचपडत केलेलं काही झोपेत पक्कं होतं. दुसऱ्या दिवशी, सराव सुरू करण्याआधी, खुर्च्यांमधून पहिले पाच पास द्यायला सांगा आणि त्यातले किती गेले ते पाहा.