घरगुती पाणीबचत (मुंबई)

घरात आलेले पाणी गळती, नळाचा जादा दाब आणि साठवणुकीच्या सवयी यांमुळे वाया जाऊ नये म्हणून केले जाणारे उपाय. मुंबईला तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा आणि भातसा या सात तलावांचे पाणी मिळते. त्यांची भिस्त जून ते सप्टेंबरच्या पावसावर असल्याने साठा खालावला की महापालिका कपात लावते. २०२४ मध्ये ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के कपात होती. बहुतेक भागांत पाणी ठरावीक वेळेतच सोडले जाते. इमारतीत ते तळटाकीत पडते आणि पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढते. चाळीत ते पिंपात, कळशीत आणि मोरीतल्या बादल्यांत भरून ठेवतात.

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार माणशी रोज १३५ लिटर पाणी धरले जाते. त्यातले ४५ लिटर फ्लशसाठी. आपले घर यात बसते की नाही, हे सोसायटीत सहसा कळत नाही, कारण मीटर सगळ्या इमारतीला मिळून असतो आणि बिल वाटून घेतले जाते. त्यामुळे गळती शोधणे ज्याचे त्यालाच करावे लागते.

सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी दिसणारी गळती फ्लशच्या टाकीत होते. मिनिटाला एक पेला (२०० मिली) पाणी भांड्यात झिरपत राहिले, तर दिवसाला २८८ लिटर जातात. म्हणजे वरच्या हिशेबाने दोन माणसांच्या वाट्याहून जास्त. तपासणी सोपी आहे. टाकीत खाण्याचा रंग चमचाभर टाकून २० मिनिटे फ्लश करू नये. भांड्यात रंग उतरला तर गळती नक्की. मग टाकीच्या आतून पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने खूण करून खालचा अँगल कॉक (टाकीकडे येणारे पाणी बंद करायचा छोटा नळ) बंद करावा. अर्ध्या तासात पातळी खुणेच्या खाली गेली तर तळाचे रबरी सील खराब आहे. ती तिथेच राहिली, पण कॉक उघडताच पाणी ओव्हरफ्लोच्या नळीपर्यंत चढू लागले, तर दोष बॉल कॉकचा (टाकी भरताच तरंगत्या गोळ्याने पाणी थांबवणाऱ्या नळाचा); तो असा बसवावा की पाणी नळीच्या तोंडाखाली दोन-अडीच सेंटिमीटरवर थांबेल. जलवाहिनीची दुरुस्ती किंवा सोसायटीची टाकीसफाई झाली की पाण्याबरोबर गाळ येतो आणि त्यातला एखादा कण सीलखाली अडकतो. म्हणून नवे सील घेण्याआधी जुने काढून, धुऊन बसवून पाहावे.

जुन्या टाकीत दर फ्लशला १० लिटर किंवा अधिक पाणी जाते, नव्या दुहेरी बटणाच्या टाकीत ३ किंवा ६ लिटर. जुन्या टाकीत पाण्याने भरलेली लिटरची बाटली ठेवता येते. वीट ठेवू नये. ती झिजते आणि तिची भुकटी सीलमध्ये जाते. बाटलीमुळे दोनदा फ्लश करावे लागत असेल तर ती काढलेली बरी.

नळाचा उपाय मजला पाहून ठरतो. गच्चीवरच्या टाकीपासून दर १० मीटर खाली सुमारे १ बार दाब वाढतो. उंच इमारतीत दाब कमी करणारा व्हॉल्व्ह नसेल, तर खालच्या मजल्यांवर नळ अक्षरशः उसळतो. तिथे बेसिनखालचा अँगल कॉक अर्धा बंद केला तरी फरक पडतो. उलट टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर एरेटर (धारेत हवा मिसळणारी, नळाच्या तोंडाची जाळी) बसवला की धार मरते आणि नळ जास्त वेळ उघडा राहतो. मधल्या मजल्यांवर मात्र एरेटर कामाचा: मिनिटाला १०–१२ लिटरची धार निम्म्यावर येते. जाळीत गंज आणि वाळू अडकते. महिन्यातून एकदा ती काढून जुन्या टूथब्रशने घासावी. ठिबकणाऱ्या जुन्या नळाला वायसर पुरतो, पाव फेऱ्याच्या नळाला कार्ट्रिज (पाणी अडवणारा आतला भाग) बदलावे लागते.

अंघोळीला एक बादली म्हणजे १५–२० लिटर; शॉवरखाली तेवढे पाणी दोन मिनिटांत जाते. भांडी वाहत्या नळाखाली विसळण्याऐवजी दोन टब घ्यावेत आणि दुसऱ्या टबाचे पाणी पुढच्या खेपेला पहिल्यात वापरावे.

तलावाच्या पाण्यात क्षार कमी असतात, त्यामुळे त्यावर आरओ (क्षार गाळणारे) यंत्र लावणे ही निव्वळ उधळपट्टी आहे. एक लिटर शुद्ध पाण्यामागे ते बहुधा दोन-तीन लिटर बाहेर टाकते. महापालिकेच्या पाण्याला यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारे यंत्र) पुरते. टँकर किंवा बोअरवेलचे पाणी मिसळत असेल तर आधी टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) मोजावा. आरओने टाकलेले पाणी लादी पुसायला चालते. बोअरचे असेल तर कुंड्यांना घालू नये.

कपडे धुतलेले पाणी त्याच दिवशी संडासात वापरावे, मुंबईच्या उकाड्यात दुसऱ्या दिवशी त्याला वास येतो. ते फ्लशच्या टाकीत भरू नये, धागे आणि साबण सीलला चिकटतात. पाच-सहा लिटर एका दमात थेट भांड्यात ओतावे.

साठवणुकीच्या घरांत ‘शिळे’ म्हणून कालचे पाणी रोज सकाळी ओतून द्यायची रीत सर्रास आहे. झाकलेले स्वच्छ पाणी एका रात्रीत खराब होत नाही. मात्र डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठ्यात आणि भांड्याच्या आतल्या कडेवर अंडी घालतो आणि आठवडा-दीड आठवड्यात अंड्याचा डास होतो. म्हणून पिंप आठवड्यातून एकदा रिकामे करून, कडा घासून पूर्ण सुकवावे. आदल्या दिवशी भरणे कमी केले की टाकायला फारसे उरत नाही, आणि उरलेले फरशीला जाते. पाणी नसताना नळ उघडा राहिला तर पहाटे पिंप भरून मोरी वाहू लागते. पिंपाच्या तोंडाशी छोटा बॉल कॉक लावून नळाची नळी त्याला जोडल्यास हे टळते. नळी दोन्ही टोकांना क्लिपने आवळावी, नाहीतर कॉक बंद होताच दाबाने सुटते.