कॅमेऱ्याचा शॉर्टकट

स्मार्टफोनचे लॉक न उघडता आणि पडद्यावरचे चिन्ह न शोधता कॅमेरा थेट सुरू करण्याची सोय. बहुतेक अँड्रॉइड फोनांत पॉवरचे बटण लागोपाठ दोनदा दाबले की कॅमेरा उघडतो. आयफोनमध्ये लॉक पडद्यावर बोट डावीकडे सरकवावे लागते. २०२४ च्या आयफोन १६ मध्ये त्यासाठी वेगळे बटणच आले. मोटोरोलाच्या अनेक फोनांत मनगट दोनदा झटकन फिरवले तरी काम होते.

पुण्यात या सोयीची कसोटी अनंत चतुर्दशीला लागते. लक्ष्मी रस्त्यावर मानाच्या पहिल्या कसबा गणपतीची पालखी समोर येते तेव्हा एका हातात मुलाचा हात असतो, मागून रेटा असतो आणि ढोल-ताशांत शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नाही. पॅटर्न काढून कॅमेरा शोधेपर्यंत पालखी पुढे सरकलेली असते. बोटाला सवयीचे झालेले बटण मात्र न बघता सापडते.

पडद्यापेक्षा बटण भरवशाचे, याला तांत्रिक कारण आहे. फोनचा पडदा बोटामुळे होणारा विद्युतभारातला सूक्ष्म बदल ओळखतो. पाणीही विद्युतवाहक असल्याने ओल्या पडद्याला बोट कुठले आणि थेंब कुठला हे कळेनासे होते. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात ते दिवस पावसाळ्याच्या सुरुवातीचे. अशा वेळी पॉवरच्या बटणाने कॅमेरा उघडावा आणि आवाज कमी-जास्त करायच्या बटणाने फोटो काढावा. पडद्याला हात लावायची गरजच राहत नाही. शिवाय या बटणावर बोट ठेवताना फोनची पकड घट्ट राहते, त्यामुळे फोटो कमी हलतो. काही फोनांत मात्र ते दाबून धरल्यास एकामागून एक फोटो निघत राहतात किंवा व्हिडिओ सुरू होतो, तेव्हा आपल्या फोनची रीत आधी पाहून ठेवावी.

पॉवरचे बटण दोनदाच दाबायचे, हे घरातल्या ज्येष्ठांना आवर्जून सांगावे. अँड्रॉइडच्या बऱ्याच नव्या फोनांत तेच बटण भराभर पाच वेळा दाबल्यास आणीबाणीचा कॉल सुरू होऊ शकतो. दोनदा दाबूनही कॅमेरा उघडत नसेल, तर सेटिंग्जमध्ये ‘जेश्चर’ किंवा ‘साइड बटण’ या नावाखाली ही सोय सहसा सापडते.

लॉक न उघडता सुरू केलेल्या कॅमेऱ्यातून साधारणपणे त्या वेळी काढलेलेच फोटो दिसतात. जुन्या फोटोंसाठी लॉक उघडावेच लागते. म्हणून शनिवारवाड्यासमोर अनोळखी माणसाला ‘आमचा फोटो काढता का’ म्हणून फोन देताना तो या मार्गाने उघडून देणे चांगले.

समोरच्या दृश्यात कुठे नेमकेपणा हवा आहे, हे फोनला सांगता येते. तिथे बोट दाबून धरले की बऱ्याच फोनांत फोकस आणि प्रकाशाची पातळी तशीच कायम राहते. सिंहगडावर सूर्योदयाच्या वेळी हे करून पाहावे. उजळ आकाशावर बोट धरले तर ढगांचे रंग टिकतात आणि माणसे काळ्या आकृतींसारखी दिसतात. चेहऱ्यांवर धरले तर चेहरे उजळतात, पण आकाश पांढरे पडते. दोन्ही फोटो काढून ठेवणे उत्तम. ग्रुप फोटोसाठी काही सेकंदांचा टायमर असतोच.

दुचाकींच्या या शहरात आणखी एक खबरदारी महत्त्वाची आहे. अनेक फोनांच्या कॅमेऱ्यात, हात हलला तरी फोटो स्पष्ट यावा म्हणून, भिंग किंवा सेन्सर किंचित सरकवणारी यंत्रणा असते. जास्त ताकदीच्या मोटरसायकलच्या हँडलला आयफोन लावल्यास इंजिनच्या कंपनांनी ती बिघडू शकते, असे ॲपलने २०२१ मध्ये जाहीरपणे कळवले होते. रस्ता पाहायला फोन हँडलला लावायचाच असेल, तर कंपने शोषणारा होल्डर वापरावा, आणि तोही रोज तासन्‌तास नको.

फोटो धुरकट येऊ लागले की सेटिंग्ज बदलण्याआधी भिंग पाहावे. खिशातली धूळ, तेलकट बोटांचे ठसे आणि मिरवणुकीतला गुलाल तिथेच बसतो. मऊ, कोरड्या सुती कापडाने ते हलक्या हाताने पुसावे. गुलाल असेल तर आधी फुंकर मारून कण उडवावेत.